प्रारूप विकास योजनेवर हरकत व सूचना कशी नोंदवावी: नव्याने सुरुवात करणाऱ्या नागरिकांसाठी मार्गदर्शक

कोणत्या जमिनीवर घरे होतील, कोठे शाळा, बाग, दवाखाना किंवा स्मशानभूमी राहील आणि कोणता रस्ता किती रुंद होईल, हे शहराची विकास योजना पुढच्या सुमारे २० वर्षांसाठी ठरवते. बोलीभाषेत आपण तिला डीपी म्हणतो. महाराष्ट्रात ही योजना ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याखाली तयार होते आणि तिच्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क याच कायद्याने नागरिकांना अनेक टप्प्यांवर दिलेला आहे. तरीही बहुतेकांना डीपीची पहिली बातमी कळते ती शेजाऱ्याच्या जागेवर आरक्षण पडल्याचे, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्याचे, ऐकून, आणि तोवर हरकतींची मुदत संपत आलेली असते.

मी वकील किंवा नगररचनाकार नाही. एका मध्यम आकाराच्या शहरात रहिवासी म्हणून, आमच्या वस्तीतील काही जणांबरोबर, मी ही प्रक्रिया पहिल्या जाहीर सूचनेपासून अंतिम मंजुरीपर्यंत जवळून पाहिली आहे. त्यातून पक्के झालेले मत सुरुवातीलाच सांगतो. निर्णय घेणाऱ्या समितीपुढे नकाशा असतो आणि नागरिकांनी दिलेले कागद असतात. आपल्या परिसराविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते योग्य वेळी, योग्य भूखंडाशी जोडून कागदावर आले नाही, तर समितीच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. पुढचे सगळे टप्पे हे ज्ञान कागदावर आणण्याचे टप्पे आहेत.

१. योजना कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी निश्चित करा

आपण कोणत्या टप्प्यावर बोलतो आहोत यावर काय मागता येईल हे अवलंबून असते, म्हणून महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन पहिला प्रश्न हाच विचारा. ढोबळमानाने क्रम असा असतो. कलम २३ खाली नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक ठिकाणी महापालिका किंवा नगरपरिषद, योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर कलम २५ खाली जमिनीचे सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो. कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि तिच्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेऊन अहवाल देते, कलम ३० खाली योजना राज्य सरकारकडे जाते आणि कलम ३१ खाली सरकार तिला मंजुरी देते. सरकार मंजुरी देताना मोठे बदल सुचवणार असेल, तर त्यांच्यावरही लोकांचे म्हणणे मागवावे लागते.

लोकांचा सारा जोर कलम २६ च्या टप्प्यावर असतो, कारण तेव्हा रंगीत नकाशा समोर येतो आणि धास्ती बसते. माझ्या मते खरे काम त्याच्या बरेच आधी सुरू व्हायला हवे, आणि ते का, हे तिसऱ्या टप्प्यात येईल.

२. जाहीर सूचना हुकू देऊ नका

इरादा जाहीर करणारी सूचना शासन राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध होते. कलम २३ नुसार तिच्यावर म्हणणे देण्यासाठी राजपत्रातील प्रसिद्धीपासून किमान ६० दिवस द्यावे लागतात. प्रारूप योजनेवरील हरकतींची मुदत बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची असते, तर काही मोठ्या शहरांत ६० दिवसांची. आपल्या शहराची मुदत किती आहे हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. सूचनेची प्रत मिळवा, तीत मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची म्हटले आहे ते पाहा आणि शेवटची तारीख स्वतः मोजून लिहून ठेवा.

वृत्तपत्रातील सूचना बारीक टाइपात, निविदांच्या जाहिरातींच्या शेजारी असते आणि नेहमीच्या वाचकाचीही नजर तिच्यावरून निसटते. वस्तीतील दोन-तीन जणांनी आठवड्यातून एकदा महापालिकेचे संकेतस्थळ, नगररचना विभागाचा सूचना फलक आणि राजपत्र पाहण्याचे काम वाटून घेतले, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

३. विद्यमान जमीन वापर नकाशा पायी फिरून तपासा

आज कोणत्या जमिनीवर काय आहे हे दाखवणारा हा नकाशा असतो आणि पुढच्या साऱ्या प्रस्तावांचा तो पाया असतो. तो चुकला तर प्रारूप योजना चुकणारच. मुंबईचे उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. तेथील विद्यमान जमीन वापर नकाशांतील चुका नागरिकांच्या गटांनी आधीच दाखवून दिल्या होत्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये २०१४ ते २०३४ या कालावधीची प्रारूप योजना आली, तेव्हा तिच्यातही इतक्या चुका निघाल्या की एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने ती तपासून नव्याने करायला सांगितले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मंजुरी मिळायला २०१८ साल उजाडले.

चूक कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. आमच्या परिसरात एक मोकळी जागा आहे. सकाळी तिथे मुले क्रिकेट खेळतात, आठवड्यातून एकदा बाजार भरतो आणि पावसाळ्यात वरच्या वस्तीचे पाणी तिथेच थांबून हळूहळू नाल्याला जाते. सर्वेक्षकाच्या नोंदीत या जागेपुढे फक्त ‘रिकामी जागा’ असे होते. नोंद खोटी नव्हती, कारण सर्वेक्षक दुपारी आला असावा आणि त्या वेळी जागा खरोखर रिकामी असते. परंतु एकदा ‘रिकामी’ असा शिक्का बसला की नियोजनकाराच्या दृष्टीने ती कोणत्याही प्रस्तावासाठी उपलब्ध जमीन होते. मैदान, बाजार आणि पाणी साठण्याची जागा हे तिचे तीनही उपयोग नकाशावरून पुसले जातात आणि त्यांच्यासाठी दुसरीकडे तरतूद करण्याचा प्रश्नही उरत नाही.

म्हणून आपल्या प्रभागाचा भाग नकाशा हातात घेऊन गल्लीगल्लीतून फिरा. सकाळी एकदा फिरा आणि संध्याकाळी पुन्हा फिरा, कारण भाजीबाजार, रिक्षातळ आणि मुलांची खेळण्याची जागा ठरावीक वेळीच दिसतात. पुढील गोष्टी मुद्दाम पाहा: नाले आणि ओढे नकाशावर पूर्ण लांबीचे दाखवले आहेत का, विहिरी, जुनी झाडी, देवस्थानाच्या जागा आणि दफनभूमी यांची नोंद आहे का, बंद पडलेली शाळा ‘निवासी’ म्हणून तर दाखवलेली नाही, झोपडपट्टीच्या जागी मोकळा भूखंड तर नाही. फिरताना वस्तीतील वृद्धांना आणि फेरीवाल्यांना बरोबर घ्या. पूर्वी पाणी कुठून वाहत होते आणि कोणती जागा कोण वापरते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. डीपीच्या बैठकांना सहसा मालक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी येतात. भाडेकरू, स्त्रिया आणि रस्त्यावर पोट असणारी माणसे येत नाहीत, आणि त्यांच्या गरजा नकाशातून गळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

आढळलेली प्रत्येक चूक भूखंडाचा क्रमांक, आजचा खरा वापर आणि छायाचित्र यांसह लेखी कळवा. या टप्प्यावर दुरुस्ती करणे अधिकाऱ्यांनाही सोपे जाते, कारण अजून कोणत्याही प्रस्तावात कोणाचा हितसंबंध गुंतलेला नसतो.

४. प्रारूप नकाशा नीट वाचायला शिका

प्रारूप योजना म्हणजे केवळ नकाशा नव्हे. त्याच्याबरोबर विद्यमान जमीन वापराचा अहवाल, प्रस्तावांचे स्पष्टीकरण देणारा अहवाल, अंमलबजावणीची नियमावली, विकासाचे टप्पे आणि भूसंपादन व कामे यांचा अंदाजे खर्च अशी कागदपत्रे असतात. ती कार्यालयात पाहायला खुली असतात आणि त्यांच्या किंवा त्यांतील उताऱ्यांच्या प्रमाणित प्रती वाजवी शुल्क भरून विकत मिळतात. बहुतेक लोक नकाशावर आपले घर शोधून परत जातात. अहवाल जरूर वाचा, कारण नकाशातील प्रस्तावाची कारणे तिथे लिहिलेली असतात आणि हरकतीचा मुद्दा पुष्कळदा तिथेच सापडतो.

नकाशाच्या कोपऱ्यातील रंगांची सूची आधी पाहा. साधारणपणे पिवळा रंग निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक आणि हिरव्या छटा बागा, मोकळ्या जागा किंवा शेती यांसाठी असतात. पण छटा आणि खुणा बदलतात, त्यामुळे सूची हाच आधार माना. मग प्रमाण पाहा. नकाशा १:४००० या प्रमाणात असेल, तर त्यावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ४० मीटर, आणि १२ मीटर रुंदीचा रस्ता नकाशावर अवघा ३ मिलिमीटर दिसतो. छापील प्रतीत किंवा मोबाइलवर मोठ्या केलेल्या चित्रात तेवढी रेघ सरकली, तर रस्ता तुमच्या इमारतीतून गेल्यासारखा भासू शकतो आणि खरोखर जात असला तरी लक्षात न येण्याचीही तेवढीच शक्यता असते. शंका असेल तेथे प्रमाणित भाग नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या वापराच्या विभागात येते हे सांगणारा दाखला, घ्या. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या नकाशाच्या चित्रांवरून हरकत लिहू नका.

तीन पडताळण्या प्रत्येकाने कराव्यात. पहिली, प्रस्तावित वापर आणि आजची वस्तुस्थिती एकमेकांवर ठेवून पाहावी. दुसरी, नदी किंवा मोठा नाला असेल तर पूररेषा तपासावी. जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो: निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आत निवासी पिवळा रंग किंवा एखादी सार्वजनिक इमारत दिसली, तर तो ठोस मुद्दा आहे. तिसरी पडताळणी हिशेबाची आहे. अहवालात योजनेच्या अखेरची अपेक्षित लोकसंख्या दिलेली असते. शहरांच्या व प्रदेशांच्या विकास योजना कशा कराव्यात हे सांगणाऱ्या केंद्र सरकारच्या यूआरडीपीएफआय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुमारे ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा आणि शहराच्या पातळीवर माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. तुमच्या भागाची अपेक्षित लोकसंख्या २०,००० असेल, तर चार प्राथमिक शाळा आहेत का हे मोजून पाहा. ‘आमच्याकडे सोयी कमी आहेत’ या वाक्यापेक्षा ‘अहवालातील लोकसंख्येप्रमाणे चार शाळा हव्यात, विद्यमान आणि प्रस्तावित मिळून दोनच आहेत’ हे वाक्य समितीला विचारात घ्यावेच लागते.

५. कागदपत्रे जमवा

हरकत देण्यासाठी जमिनीचे मालक असण्याची अट नाही. भाडेकरू, दुकानदार, शाळेचे पालक, संस्था, कोणीही ती देऊ शकते. स्वतःच्या जमिनीविषयी बोलायचे असेल, तर मालकीचे पुरावे लागतात. जवळ ठेवण्याची कागदपत्रे अशी:

- जाहीर सूचनेची प्रत आणि राजपत्रातील प्रसिद्धीची तारीख
- संबंधित जागेचा प्रमाणित भाग नकाशा. गरज असल्यास झोन दाखला
- सर्व्हे क्रमांक, गट क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक. स्वतःची जमीन असल्यास ७/१२ उतारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा
- तारीख आणि ठिकाण कळेल अशी छायाचित्रे, शक्य तर वेगवेगळ्या वेळी घेतलेली
- जुने उपग्रह चित्र किंवा जुना मंजूर डीपी, जेणेकरून जागेचा वापर केव्हापासून आहे हे दिसेल
- राहत्या पत्त्याचा पुरावा
- गृहनिर्माण संस्था किंवा मंडळाच्या वतीने हरकत असल्यास ठरावाची प्रत आणि बोलणाऱ्या व्यक्तीचे अधिकारपत्र

माहितीच्या अधिकाराखाली कागद मागवायचे असतील, तर १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करता येतो आणि उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. अडचण अशी की हरकतींची मुदतही ३० दिवसांची असेल, तर उत्तर येईपर्यंत ती संपलेली असते. म्हणून असे अर्ज इरादा जाहीर झाल्यापासूनच करा आणि प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर मात्र थेट कार्यालयात जाऊन कागद पाहण्याच्या हक्काचा उपयोग करा.

६. हरकत लिहा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत घाईने उरकला जातो. चांगल्या हरकतीत चार गोष्टी असतात: नेमकी जागा, प्रस्तावातील नेमकी तरतूद, कारण पुराव्यासह, आणि पर्याय. यांतील चौथी गोष्ट लोक विसरतात. आरक्षण उठवा, एवढीच मागणी केली तर समितीपुढे प्रश्न उरतो की ती शाळा किंवा तो दवाखाना मग कुठे न्यायचा. त्याचे उत्तर तुम्ही दिले नाही, तर सहसा आरक्षण आहे तिथेच राहते. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

“विषय: प्रारूप विकास योजनेतील भाग नकाशा क्रमांक …, सर्व्हे क्रमांक …, आरक्षण क्रमांक … (वाहनतळ) याबाबत हरकत व सूचना.

महोदय, वरील जागा प्रारूप योजनेत वाहनतळासाठी आरक्षित दाखवली आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात तिची नोंद ‘रिकामी जागा’ अशी आहे. प्रत्यक्षात ही जागा परिसरातील मुलांचे एकमेव खेळाचे मैदान असून आठवडे बाजारही येथेच भरतो (छायाचित्रे, परिशिष्ट १). पावसाळ्यात वरच्या भागातील पाणी येथे साठून नाल्यात उतरते (परिशिष्ट २). येथे फरसबंदी झाल्यास लगतच्या वस्तीत पाणी शिरण्याचा धोका आहे. सबब ही जागा ‘खेळाचे मैदान व आठवडे बाजार’ यासाठी आरक्षित करावी. वाहनतळासाठी याच रस्त्यावरील सर्व्हे क्रमांक … हा महापालिकेच्या मालकीचा भूखंड विचारात घ्यावा. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती.”

एका अर्जात एकच जागा आणि एकच विषय ठेवा. रस्ता, बाग आणि पाणीटंचाई एकाच पत्रात असली, तर छाननी करणारा अर्ज कोणत्या यादीत घालायचा या पेचात पडतो आणि दोन विषय मागे राहतात. कचरा उचलला जात नाही, रस्त्यात खड्डे आहेत अशा तक्रारी येथे आणू नका. त्या खऱ्या असल्या तरी डीपी जमिनीच्या वापराविषयी आहे. जे प्रस्ताव योग्य वाटतात त्यांना पाठिंबा देणारी सूचनाही अवश्य द्या. बागेच्या आरक्षणाविरुद्ध जागामालकाची हरकत येणार हे ठरलेले असते, आणि बाग हवी असलेले हजारो लोक गप्प राहिले तर समितीच्या कागदांत एकच बाजू दिसते.

छापील नमुन्यावर शेकडो सह्या घेण्याचा मोह फार होतो. पुण्याच्या जुन्या हद्दीची प्रारूप योजना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर ८० हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या होत्या. संख्येमुळे प्रश्नाची तीव्रता समजते, वृत्तपत्रे दखल घेतात आणि राज्यकर्त्यांवर दबाव येतो, हे खरे आहे. परंतु एकसारखा मजकूर असलेले अर्ज छाननीत एकाच मुद्द्याखाली एकत्र केले जातात आणि त्यांना उत्तरही एकच मिळते. सामूहिक निवेदन जरूर द्या. त्याबरोबर पाच-दहा जणांनी स्वतंत्र पुराव्यांसह स्वतंत्र हरकती द्या. शाळेच्या मुख्याध्यापकांनी, दवाखान्यातील डॉक्टरांनी, बाजारातील विक्रेत्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलेला मजकूर एकत्र करून टाकता येत नाही.

७. दाखल करा आणि पोच घ्या

अर्ज दोन प्रतींत घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन दिल्यास पोचपावती छापून ठेवा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी खिडकीपुढे रांग असते आणि संकेतस्थळ मंदावते. कोणी लिपिक तोंडी सांगेल की तुमचे म्हणणे साहेबांच्या कानावर घातले आहे, तरी शिक्क्याशिवाय परतू नका. याच काळात ‘आरक्षण काढून देतो’ असे सांगणारे मध्यस्थही फिरतात. आरक्षण बदलण्याचा अधिकार कोणा एका व्यक्तीच्या हातात नसतो, तेव्हा त्यांना पैसे देऊ नका आणि शेजाऱ्यांनाही सावध करा.

८. सुनावणीची तयारी करा

कलम २८ नुसार नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्याच्या बाजूने नेमलेले नगररचना, पर्यावरण अशा विषयांतील जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. सुनावणीची सूचना पत्राने, संदेशाने किंवा संकेतस्थळावरील यादीने मिळते आणि कधी कधी अगदी थोडे दिवस आधी मिळते. अर्जात चालू पत्ता आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट लिहा आणि यादी स्वतःही पाहत राहा. आमच्या शहरात पत्र पोचले नाही म्हणून पुष्कळांची सुनावणी हुकली, आणि त्यांच्या अर्जापुढे ‘अनुपस्थित’ एवढीच नोंद राहिली.

सुनावणीचे दालन कसे असते ते माहीत असले तर दडपण कमी होते. समोर लांब टेबलामागे समिती बसते, बाजूला पडद्यावर नकाशा असतो, आणि नगररचना विभागाचा कर्मचारी अर्जाचा क्रमांक वाचून तुमचा भाग पडद्यावर आणतो. बोलायला जेमतेम तीन-चार मिनिटे मिळतात. त्यांतले पहिले मिनिट आपली ओळख आणि परिसराचा इतिहास सांगण्यात घालवू नका. पडद्यावरील जागेवर बोट ठेवा, चूक सांगा, छायाचित्र पुढे करा आणि पर्यायी भूखंड दाखवा. तज्ज्ञ सदस्य बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतात: पर्यायी जागेची मालकी कोणाची आणि तिला पोचरस्ता आहे का. ही दोन उत्तरे तयार असलेल्या माणसाचे म्हणणे समिती लक्षपूर्वक ऐकते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

समूहाने गेलात तर एकानेच बोलावे आणि बाकीच्यांनी कागद सांभाळावेत. स्वतः जाता येणार नसेल, तर अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी पाठवा. बोललेल्या मुद्द्यांचे एक पान लिहून न्या आणि निघण्यापूर्वी ते समितीला देऊन त्याचीही पोच घ्या, कारण सुनावणीच्या टिपणात तुमचे पाच मुद्दे एका ओळीत येण्याची शक्यता असते.

९. फेरबदलांच्या फेऱ्यांवर नजर ठेवा

सुनावणी झाली की लोकांना वाटते काम संपले, आणि नेमक्या याच काळात मोठे बदल होतात. समितीच्या अहवालानंतर प्राधिकरण योजनेत फेरबदल करते. ते सारभूत स्वरूपाचे असतील, उदाहरणार्थ नवा रस्ता किंवा नवे आरक्षण, तर कलम २९ खाली पुन्हा जाहीर सूचना काढावी लागते. पुढे राज्य सरकारने मंजुरीच्या वेळी असे बदल सुचवले, तर कलम ३१ खाली त्यांच्यावर वेगळ्या हरकती मागवल्या जातात. या वेळची मुदत साधारण एक महिन्याची असते आणि त्यासाठी नेमलेला अधिकारी सुनावणी घेतो.

या फेऱ्यांत केवळ जाहीर केलेल्या बदलांवरच बोलता येते. पूर्वी हुकलेला मुद्दा येथे घुसवला, तर तो विषयाबाहेरचा म्हणून बाजूला ठेवला जातो. मात्र ज्या जागेबद्दल तुम्ही गप्प होतात, कारण प्रारूपात ती ठीक दाखवली होती, तीच जागा या यादीत बदललेली आढळू शकते. म्हणून फेरबदलांची यादी मिळताच आपल्या भागातील प्रत्येक नोंद प्रारूपाशी ताडून पाहा. समितीच्या अहवालाची आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रतही मागून घ्या. तुमच्या अर्जावर काय शिफारस झाली आणि सभेने ती मानली की फिरवली, हे त्यातूनच कळते.

१०. मंजुरीनंतरची कामे

मंजूर योजना राजपत्रात प्रसिद्ध झाली की तिचा नकाशा आणि अधिसूचना मिळवून प्रारूपाशेजारी ठेवा. पुढच्या काळात कलम ३७ खाली मंजूर योजनेत फेरबदल होऊ शकतात आणि त्यांच्यासाठीही एक महिन्याची सूचना काढून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. एखाद्या मैदानाचे आरक्षण अशा फेरबदलाने बदलते तेव्हा संपूर्ण डीपीच्या वेळी असते तशी जागरूकता कुठेच नसते; सूचनेला दोन-तीनच उत्तरे येतात. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात वाटून घेतलेले आठवड्याचे काम मंजुरीनंतरही चालू ठेवा.

आरक्षण टिकवायचे असेल, तर ती जमीन संपादित होते आहे का याचाही पाठपुरावा करावा लागतो. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातील आरक्षणांच्या भूसंपादनासाठी तरतूद आहे का हे दरवर्षी पाहा आणि नसेल तर अंदाजपत्रकाच्या चर्चेपूर्वीच नगरसेवक व आयुक्त यांना लेखी कळवा. पोच घेतलेल्या सर्व प्रती, भाग नकाशे आणि छायाचित्रे एका फाइलमध्ये क्रमाने लावून वस्तीतील किमान दोन घरांत ठेवा. पुढच्या फेरबदलाच्या वेळी, किंवा कलम ३८ नुसार २० वर्षांच्या आत योजनेची सुधारणा सुरू होईल तेव्हा, जागेचा जुना वापर सिद्ध करणारा पुरावा तीच फाइल असेल.